निर्यातबंदी ‘उठली’ तो सोमवार: कांदा, वक्तव्यं आणि अधिसूचना यांचा एक अभ्यास

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार. लासलगाव बाजार समितीत कांद्याचा सरासरी दर क्विंटलला १,२८० रुपये होता. सोमवारी, १९ तारखेला, तो १,८०० वर गेला. मधे फक्त एक रविवार होता. त्या रविवारी कांद्यात काही बदल झाला नव्हता, बदल झाला होता तो बातम्यांत. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिसमितीने कांद्याची निर्यातबंदी उठवायला संमती दिली, तीन लाख टन कांदा देशाबाहेर जाणार, असं सांगितलं गेलं. सत्ताधारी बाजूच्या नेत्यांनी ते जाहीरपणे आणि ठामपणे सांगितलं. आभार मानले गेले, श्रेयही वाटून झालं.

मंगळवारी केंद्राचे ग्राहक व्यवहार सचिव रोहित कुमार सिंह यांनी खुलासा केला: निर्यातबंदी उठलेली नाही, ती लागू आहे आणि ठरल्याप्रमाणे ३१ मार्चपर्यंत राहील. देशातल्या ग्राहकाला कांदा वाजवी दरात मिळणं याला सरकारचं प्राधान्य आहे.

क्विंटलमागे ५२० रुपयांचा फरक पडला होता. ट्रॉलीत वीस क्विंटल माल धरला तर १०,४०० रुपये. एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांनी एकाच दर्जाचा कांदा, एकाने शनिवारी आणि दुसऱ्याने सोमवारी नेला असेल, तर दोघांच्या हिशोबपट्टीत एवढं अंतर पडलं, आणि ते पडायला एक न झालेला निर्णय पुरला.

कांद्याच्या धोरणावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. मला इथे धोरणापेक्षा धोरणाविषयी नेते जे बोलतात त्याकडे पाहायचं आहे. ऑगस्ट २०२३ ते मे २०२४ या नऊ-दहा महिन्यांत राज्यातल्या आणि केंद्रातल्या नेत्यांनी कांद्याविषयी जेवढं बोललं, तेवढं क्वचितच एखाद्या पिकाविषयी बोललं गेलं असेल. त्या बोलण्याने दर हलले, लिलाव बंद पडले, महामार्ग अडले. आणि बहुतेक वेळा बोलणारा एक होता, सही करणारा दुसराच.

सही कोणाची, हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच होतो. निर्यात खुली की बंद हे ठरतं १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली. त्याची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतलं विदेश व्यापार महासंचालनालय काढतं. किमान निर्यात मूल्यही, म्हणजे ज्याखाली माल बाहेर विकता येत नाही तो दर, तिथूनच येतं. निर्यातशुल्क मात्र अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग लावतो किंवा काढतो. बफर साठ्याची, म्हणजे दर आवरण्यासाठी सरकार राखून ठेवतं त्या कांद्याची, खरेदी ग्राहक व्यवहार खात्याच्या सांगण्यावरून नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्था करतात. या साखळीत कृषी मंत्रालयाची सही जवळपास कुठेच लागत नाही आणि राज्य सरकारची तर मुळीच नाही. तरीही शेतकऱ्याच्या कानावर कांद्याची बातमी येते ती पालकमंत्री, खासदार, राज्याचे कृषिमंत्री किंवा उपमुख्यमंत्री यांच्या तोंडून. बंदरावरचा सीमाशुल्क अधिकारी कंटेनर सोडताना यांपैकी कोणाचंही वक्तव्य विचारात घेत नाही. तो राजपत्रातली अधिसूचना पाहतो.

आता मागे, ऑगस्ट २०२३ मध्ये जाऊ. पावसाने त्या महिन्यात मोठी ओढ दिली होती आणि टोमॅटोच्या दराने आधीच सरकारला घाम फोडला होता. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात संतापाची लाट उसळली, बाजार समित्यांतले लिलाव थांबले. अशा वेळी नाशिकचे तेव्हाचे पालकमंत्री दादा भुसे म्हणाले, की ज्याला कांदा परवडत नाही त्याने दोन-चार महिने खाल्ला नाही तर काही बिघडत नाही. हे वाक्य देशभर गेलं आणि ‘मंत्र्याचा उर्मटपणा’ म्हणून गाजलं. पण पूर्ण बोलणं ऐकलं तर त्याचा रोख वेगळा होता. दहा लाखांची गाडी वापरणाऱ्याने कांद्याला दहा-वीस रुपये जास्त मोजायला काय हरकत आहे, असा तो शेतकऱ्याच्या बाजूने केलेला युक्तिवाद होता. शहरातल्या ग्राहकाला तो बोचला. शेतकऱ्यालाही त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण भाव पाडणारं शुल्क भुसे ज्या आघाडीत होते तिच्याच केंद्र सरकारने लावलं होतं आणि त्यावर ते काही करू शकत नव्हते.

असंच डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत झालं होतं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन कांद्याच्या प्रश्नावर उत्तर देत होत्या. एका सदस्याने मधेच टोकल्यावर, आपण फार कांदा-लसूण खात नाही, तशाच घरातून आलो आहोत, असं त्या म्हणाल्या. उत्तरात साठवणुकीचा आणि भाव स्थिरीकरण निधीचा भाग होता. लोकांच्या लक्षात राहिलं ते कांदा न खाणं. अशा वाक्यांवर आपण जेवढा वेळ घालवतो तेवढा ती नसती तर अधिसूचना वाचण्यात गेला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तोंडून निसटलेल्या वाक्याने कोणाचं क्विंटलमागे रुपयाचंही नुकसान होत नाही. नुकसान करतं ते विचारपूर्वक केलेलं, आकडा जोडलेलं, आश्वासक वक्तव्य.

त्याचा नमुना पाहायला भुसेंच्या वाक्याच्या दुसऱ्या दिवशी यावं. २२ ऑगस्टला राज्याचे कृषिमंत्री धनंजय मुंडे दिल्लीत केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांना भेटत होते. त्याच दिवशी जपान दौऱ्यावर असलेल्या उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तिथूनच जाहीर केलं, की शहा आणि गोयल यांच्याशी बोलणं झालं असून केंद्र सरकार २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन कांदा खरेदी करणार आहे. नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांत त्यासाठी केंद्रं उघडणार. मग श्रेय मुंडेंचं की फडणवीसांचं, यावर दोन-तीन दिवस चर्चा रंगली.

त्या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडली. २० ऑगस्टलाच, म्हणजे दोन दिवस आधी, ग्राहक व्यवहार खात्याने जाहीर केलं होतं की कांद्याचा बफर साठा तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेला जाईल. नाफेड आणि एनसीसीएफ यांनी प्रत्येकी एक लाख टन जादा खरेदी करायची होती. एक आणि एक, दोन लाख. त्या घोषणेतच हा साठा बाजारात उतरवण्याची आणि ग्राहकाला २५ रुपये किलोने कांदा विकण्याची योजना होती. म्हणजे शहरी ग्राहकाला जे दोन लाख टन ‘तुमच्यासाठी दर उतरवायला’ म्हणून सांगितले गेले, तेच ४८ तासांत शेतकऱ्याला ‘तुमचा भाव सावरायला’ म्हणून सांगितले गेले. नवीन होता तो २,४१० हा दर. तो खोटा नव्हता, पण खरेदी झाली ती मुख्यतः शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्थांमार्फत. ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला बोली लागायची ती व्यापाऱ्याचीच. खरेदी थेट बाजार समितीत लिलावात उतरून करा, ही मागणी त्या वेळी सतत होत राहिली ती यामुळेच.

लासलगावचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वाहनं रांगेत उभी असतात. व्यापाऱ्यांचा घोळका आणि समितीचा माणूस एकेका वाहनाजवळ थांबतो. कोणी वरचा कांदा उचलून साल चोळून बघतो, कोणी हात खोल घालून तळातला काढतो. बोली सुरू होते, दोन-तीन आकडे चढतात, संपते. घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. रात्रभर रांगेत उभं राहून आणलेल्या पिकाची किंमत एका मिनिटाच्या आत ठरते. त्या मिनिटात व्यापाऱ्याच्या डोक्यात असतो तो पुढचा बाजार: बांगलादेश उघडा आहे का, दुबईला जाईल का, आणि कोण काय बोललं. नेत्याचं वक्तव्य धोरणाच्याही आधी बाजारात पोहोचतं ते या मिनिटामुळे.

शुल्काने दर पुरेसे उतरले नाहीत तेव्हा २८ ऑक्टोबरला किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर केलं गेलं, म्हणजे किलोला सुमारे ६७ रुपये. आणि ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून थेट बंदी. किमान मूल्याला ३१ डिसेंबरपर्यंतची मुदत आधी दिलेली होती; ती संपायच्या आतच दार बंद झालं. मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडला ११ डिसेंबरला शरद पवार स्वतः रास्ता रोकोत उतरले. आपण कृषिमंत्री असताना संसदेत विरोधक कांद्याच्या माळा घालून आले तरी आपण शेतकऱ्याच्या विरोधात निर्णय केला नाही, ही आठवण ते अशा प्रसंगी सांगतात. पण तीही तपासून घ्यायला हवी. ते केंद्रात कृषिमंत्री असतानाच डिसेंबर २०१० मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली होती, सप्टेंबर २०११ मध्ये काही दिवस पुन्हा झाली आणि २०१३ मध्ये किमान निर्यात मूल्य टप्प्याटप्प्याने १,१५० डॉलरपर्यंत चढवलं गेलं. त्या निर्णयांना त्यांचा आतून किती विरोध होता हा वेगळा प्रश्न. निर्णय ज्या सरकारने केले त्यात ते होते. दिल्लीत कोणीही बसलेलं असो, कांद्याच्या बाबतीत हात सारख्याच दिशेने वळतो. १९९८ च्या दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांदा महागलेला असताना भाजपची सत्ता गेली, ती धास्ती सगळ्या पक्षांच्या मनात कायमची बसली आहे.

सरकारची बाजू पोकळ होती असं मात्र मी म्हणणार नाही. तेव्हा खरीप कांदा लांबला होता आणि किरकोळ बाजारात दर झपाट्याने चढले होते. मजुरी करून खाणाऱ्या घरात कांदा हीच भाजी असते. तिथे साठ-सत्तर रुपये किलो हा आकडा शेतकऱ्याच्या तोट्याइतकाच खरा आहे. शेतकऱ्याचं आणि या घराचं हित इथे समोरासमोर येतं, आणि कोणाला किती झळ सोसायला लावायची हे ठरवायचं काम सरकारलाच करावं लागतं. ते ठरवल्यावर मग दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगायला नकोत.

आता पुन्हा त्या फेब्रुवारीच्या सोमवाराकडे. महिना महत्त्वाचा आहे. फेब्रुवारीत बाजारात असतो तो लाल आणि रांगडा कांदा. तो टिकत नाही. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत भरून पाच-सहा महिने थांबता येतं, भाव पाहून थोडा थोडा काढता येतो. लाल कांदा काढला की विकावाच लागतो, नाहीतर कोंब येतात किंवा सडतो. म्हणजे ज्याला थांबायची सोय नाही नेमक्या त्या शेतकऱ्याच्या हंगामात ही बातमी आली. ज्या दिवशी त्याची काढणी झाली होती तो दिवस त्याचा. शनिवार असेल तर १,२८०, सोमवार असेल तर १,८००. सोमवारी चढ्या दराने माल उचललेल्या व्यापाऱ्यापुढे मंगळवारी सरळ निर्यातीचं दार बंदच होतं, आणि पुढच्या बोलीत त्याने हात आखडता घेतला असेल तर त्याला दोष देता येत नाही. ‘ऐकीव बातमीवर विसंबू नका’ असा सल्ला शेतकऱ्याला देणं सोपं आहे. इथे बातमी चहाच्या टपरीवरची नव्हती, सत्तेत असलेल्या माणसांच्या तोंडची होती.

हे का घडलं असावं? माझा अंदाज असा, की बैठकीत काही देशांना सरकारी पातळीवर मर्यादित कांदा पाठवण्याचा निर्णय झाला आणि तो बाहेर येता येता ‘बंदी उठली’ असा झाला. पुढे जे घडलं ते याला धरून आहे. १ मार्चला बांगलादेशासाठी ५० हजार आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन कांद्याला परवानगी देणाऱ्या अधिसूचना निघाल्या. हा कांदा जाणार होता नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स या सरकारप्रणीत सहकारी संस्थेमार्फत, खुल्या बाजारातल्या निर्यातदारामार्फत नव्हे. त्यामुळे बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा थेट उपयोग नव्हता. आणि २२ मार्चला, मुदत संपायच्या नऊ दिवस आधी, बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. ३१ मार्चची वाट पाहत उन्हाळ कांदा काढणीला आणलेल्यांना हा खरा धक्का होता. तोवर लोकसभेची आचारसंहिता लागली होती, त्यामुळे यावर अधिकृतपणे बोलायलाही फारसं कोणी पुढे आलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक प्रसंग घडला, आणि वक्तव्य कसं वाचावं हे शिकायला तो मला सगळ्यात उपयोगी वाटतो. २५ एप्रिलच्या सुमारास दोन हजार टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली आणि त्यासाठी गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचं प्रमाणपत्र लागणार होतं. महाराष्ट्रात साहजिकच आग भडकली: गुजरातचा कांदा चालतो, आमचा का नाही? २७ एप्रिलला केंद्राचं प्रसिद्धिपत्रक आलं, की सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यातीची परवानगी देण्यात आली आहे. आता मुख्यतः महाराष्ट्राचा कांदा जाणार, म्हणून सत्ताधारी नेत्यांनी स्वागताची रांग लावली. बऱ्याच ठिकाणी मथळा होता, ‘निर्यातबंदी उठवली’.

कागद घेऊन बेरीज केली की चित्र बदलतं. १ मार्चचे ५०,००० आणि १४,४०० मिळून ६४,४००. मार्चच्याच पहिल्या आठवड्यात भूतानला ५५०, मॉरिशसला १,२०० आणि बहारीनला ३,००० टनांची परवानगी निघाली, म्हणजे ४,७५०. एप्रिलमध्ये अमिरातीला दोन वेळा दहा-दहा हजार आणि श्रीलंकेला दहा हजार, एकूण ३०,०००. तिन्हींची बेरीज ९९,१५०. एका टनाचाही फरक नाही. २७ एप्रिलला नवीन काहीच मिळालं नव्हतं. आधीच्या दोन महिन्यांतल्या परवानग्यांची ती बेरीज होती. प्रसिद्धिपत्रकात खोटं वाक्य नव्हतं. ‘देण्यात आली आहे’ हे मराठीत जितकं आज दिल्यासारखं वाटतं तितकंच पूर्वी दिल्यासारखंही वाचता येतं, आणि ज्यांना ते आजचं म्हणून सांगायचं होतं त्यांनी तसं सांगितलं. व्यापारी आणि शेतकरी संघटनांनी ही बेरीज दुसऱ्याच दिवशी मांडली, तरी मथळे पुढे निघून गेले होते.

बंदी प्रत्यक्ष उठली ती ४ मे रोजी. नाशिक आणि दिंडोरीत मतदान २० मेला होतं. सोबत ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क. म्हणजे टनाला किमान ७७० डॉलर, किलोला साधारण ६४ रुपये. ऑक्टोबरच्या ८०० डॉलरच्या अटीपासून हे फार लांब नव्हतं. व्यासपीठावर सांगितलं गेलं ‘बंदी उठवली’, आणि ते खरंच होतं. निर्यातदाराने गणित केलं तेव्हा त्याच्या हाती अर्धं उघडलेलं दार होतं. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधान नरेंद्र मोदींची सभा झाली. भाषण चालू असताना एका तरुणाने उठून ‘कांद्यावर बोला’ अशी हाक दिली. पंतप्रधान कांद्यावर बोललेही, बफर साठ्याविषयी आणि सरकारी खरेदीविषयी. तोवर त्या मैदानातल्या माणसांनी नऊ महिने याच विषयावर खूप काही ऐकलेलं होतं.

४ जूनला निकाल लागला. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार राष्ट्रवादी शरद पवार गटाचे शिक्षक उमेदवार भास्कर भगरे यांच्याकडून १ लाख १३ हजारांहून अधिक मतांनी पडल्या. नाशिकमध्ये हेमंत गोडसे यांना उद्धव सेनेच्या राजाभाऊ वाजे यांनी हरवलं. हे सगळं एकट्या कांद्याने केलं असं मी मानत नाही. फुटलेले पक्ष, आरक्षणाचा ताण, स्थानिक नाराजी, सगळंच त्यात होतं. पण मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच त्याच महिन्यात मुंबईतल्या कृषिमूल्य आयोगाच्या बैठकीत मान्य केलं, की नाशिकमध्ये कांद्याने आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीन-कापसाने आपल्याला रडवलं. या सगळ्या प्रकरणात ऐकलेल्या वक्तव्यांपैकी मला हे सर्वांत सरळ वाटलं. त्यात कोणतंही आश्वासन नव्हतं, श्रेयही नव्हतं.

त्यानंतर १३ सप्टेंबर २०२४ ला, विधानसभेच्या तोंडावर, किमान मूल्य काढलं गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. उरलेलं २० टक्के २२ मार्च २०२५ ला मागे घेतल्याचं जाहीर झालं, १ एप्रिलपासून लागू. या वेळी क्रम वेगळा होता: महसूल विभागाची अधिसूचना निघाली होती, तारीख त्यात होती, आणि नेत्यांची निवेदनं तिच्या मागून आली. लासलगावला आदल्या दिवशीचा सरासरी दर होता १,३३० रुपये. तेरा महिन्यांपूर्वीच्या त्या शनिवारी तो १,२८० होता.